तिकडचा सरपंच

"दुपारच्या भाकरीला घरी." कुठल्याही कामाला निघताना नाना एवढंच म्हणायचे आणि हातातल्या काठीच्या टोकाने समोरच्या धुळीत एक सरळ रेघ ओढायचे. रेघेच्या ह्या टोकाला आपण, त्या टोकाला काम. मध्ये काही नाही. बीडला मोर्चा न्यायचा असो, चौसाळ्याच्या बाजारात बैल बघायचा असो की कुणाच्या पोरीची सोयरीक जमवायची असो, नानांच्या रेघेला वळण नसायचं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिलाच असेल. नसेल तर आमच्या भागात या, दर पारावर एक सापडेल. पण नानांची गोष्ट जरा निराळी होती, आणि ती मी जवळून पाहिली आहे. ऐकीव सांगत नाही.

मी त्या गावाची ग्रामसेवक म्हणून रुजू झाले तेव्हा ते सरपंच होते. माझ्या आधीच्या सगळ्यांना गाव 'भाऊसाहेब' म्हणायचं. माझ्यापाशी मात्र गाडी अडली. बाईला भाऊसाहेब कसं म्हणायचं, यावर पारावर दोन दिवस खल झाला म्हणे. तिसऱ्या दिवशी नानांनी 'मॅडम' असं ठरवून टाकलं आणि विषय संपला. गाव कोणतं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाटोद्याकडची. "मंग काय, आपल्याच हायती," असं शेजारच्यांना सांगून त्यांनी मला खुर्ची दिली. नानांना सगळं जगच आपलं वाटायचं. वडवणीचा व्यापारी आपलाच, तहसीलातला शिपाई आपलाच, रस्त्यात भेटलेला ट्रकवाला आपलाच.

माणूस उंचापुरा, पांढरा सदरा-पायजमा, टोपी कायम किंचित डावीकडे. आवाज असा की ग्रामसभेला माईक लावला तर लोक म्हणायचे, बंद करा, कान दुखतात. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर नाना पुढच्या सीटवर असायचेच. कामाला वाघ होते, हे मी त्यांच्या शत्रूंसमोरही म्हणेन, आणि शत्रूही नाही म्हणणार नाहीत.

पाणंद मोकळी केली तेव्हाची गोष्ट. शेतात जायची जुनी गाडीवाट दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं नांगरत नांगरत गिळून टाकली होती. अर्ज झाले, मोजण्या झाल्या, काही होईना. एके सकाळी नाना एक ट्रॅक्टर घेऊन गेले, स्वतः मडगार्डवर बसून. दहा-बारा बांधकरी हात जोडून उभे राहिले, कुणी हूं की चूं केलं नाही. वाट मोकळी झाली आणि नाना खरोखरच दुपारच्या भाकरीला घरी आले. त्या दिवशी मीही कौतुकाने टाळ्या वाजवल्या. आता वाटतं, ती सकाळ इतकी सोपी गेली नसती तर बरं झालं असतं.

गावाच्या उत्तरेला पाझर तलाव आहे. अलीकडे आमचं गाव, पलीकडे दुसरं. पाणी ओसरलं की तलावाच्या पोटातली काळी माती उघडी पडते आणि त्या ओलीवर लोक खरबूज, काकडी, जनावरांसाठी मका लावतात. याला गाळपेरा म्हणतात. जागा सरकारी, पण वहिवाट पक्की. तलावाच्या पोटात एक वठलेली बाभूळ उभी आहे. तिच्या अलीकडे आम्ही पेरायचं, पलीकडे त्यांनी. असं कुठे लिहिलेलं नाही, पण तलाव झाल्यापासून कुणी ते ओलांडलेलंही नव्हतं.

एका वर्षी पाऊस कमी झाला. आमच्या बाजूचा गाळ लोकांनी आदली दोन वर्षं ट्रॉल्या भरभरून आपापल्या शेतात नेऊन टाकला होता, त्यामुळे बाभळीच्या अलीकडे नुसता मुरूम उरला. पलीकडे मात्र हातभर गाळ. जनावरांना चारा नव्हता, लोक नानांकडे येऊन बसायचे आणि पलीकडच्या काळ्या जमिनीकडे बघायचे.

मग नानांनी कुठूनसा निजामाच्या वेळचा नकाशा पैदा केला. सगळी अक्षरं उर्दू. ती वाचून दाखवायला चौसाळ्याचे एक म्हातारे मास्तर आणले. त्या नकाशात असं निघालं की तलाव होण्याआधी तिथून नाला वाहत होता, नाला हीच दोन्ही गावांची शीव होती, आणि तो बुडालेला नाला बाभळीच्या बराच पलीकडे होता. म्हणजे नाल्यापर्यंतची जमीन आमची. ग्रामसभेत नानांनी तासभर इतिहास सांगितला. शेवटी तर म्हणाले, ते गाव म्हणजे वेगळं गावच नाही, आपल्याच पणजोबांनी बसवलेली वाडी आहे.

मी म्हटलं, "नाना, ती जागा पाटबंधारे खात्याची आहे."

"खातं पेरायला येतंय का?" नाना म्हणाले आणि सभा हसली. मीही हसले. काय करणार.

त्याच आठवड्यात एक म्हातारा मेंढपाळ दाखल्यासाठी कचेरीत आला. त्याची मेंढरं वर्षभर तलावाच्या काठाने फिरायची. त्या भागातली माती त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. दाखला घडी करून बंडीच्या खिशात ठेवता ठेवता तो म्हणाला, "मॅडम, पलीकडचा गाळ वरून वाळलाय, आतून लोणी हाय. माझी मेंढरं तिकडं पाय टाकीत न्हाईत. ट्रॅक्टर कुठं घालता?" मी म्हटलं, सांगते नानांना.

त्या संध्याकाळी नानांच्या ओसरीवर बैठक बसली होती. नेहमीची माणसं, उपसरपंच सगळ्यांत पुढे. त्यांनी नानांना सांगितलं की तुम्ही नुसते बाभळीजवळ उभे राहा, ते लोक हार घेऊन येतील. दुसरा म्हणाला, पलीकडे दोन भावक्या आहेत, निवडणुकीपासून एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्यातली एक आपल्याच बाजूने येणार. नानांची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. एकुलती एक, नानांनीच अंगाखांद्यावर वाढवलेली. "निम्मं गाव माझं पाव्हणं हाय," नाना म्हणाले. "इरोध कोण करणार बे? माझ्या बहिणीला निरोप धाडा, म्हणावं चहा टाकून ठेव."

मी तोंड उघडलं. "नाना, तो गाळ..."

"मॅडम, तुमी ठरावाचं बघा."

मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, गप्प बसायला मिळालं याचं मला बरंच वाटलं. सगळी ओसरी जोरात असताना एकटीने ओल्या मातीची गोष्ट काढायची म्हणजे आपणच भित्रे ठरायचं.

सकाळी सहा ट्रॅक्टर निघाले. ट्रॅक्टर चौसाळ्याहून भाड्याने आणलेले. ड्रायव्हरांना सांगितलं होतं, नांगरटीचं काम आहे. डिझेल अर्ध्या दिवसाचं. भाकरी कुणीच बांधून घेतली नव्हती, कारण दुपारी घरीच यायचं होतं. नाना पहिल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. मी तलावाच्या भिंतीवर रजिस्टर घेऊन उभी राहिले, पंचनामा करायची वेळ आली तर असावं म्हणून. पंचनामा कशाचा करणार होते, ते आजही मला सांगता येणार नाही.

बाभूळ ओलांडून चाळीसेक पावलं गेले असतील, पहिल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं खाली गेली. मग मागची. नाना हातवारे करून पुढे, पुढे म्हणत होते आणि ट्रॅक्टर खाली, खाली चालला होता. त्याला ओढायला दुसरा गेला, तो रुतला. दुसऱ्याला ओढायला तिसरा. अर्ध्या तासात सहाही ट्रॅक्टर आपापल्या पोटावर बसले. भिंतीवरून सगळं स्वच्छ दिसत होतं. मी हसावं की रडावं, मला कळेना.

तेवढ्यात पलीकडचं गाव आलं. हार नव्हते. काठ्याही नव्हत्या. दोन्ही भावक्या एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. निवडणुकीपासून जे कुणाला जमलं नव्हतं ते नानांनी एका सकाळीत करून दाखवलं होतं.

त्या ओळीतून नानांची बहीण पुढे आली. बारीक चणीची बाई, पदर कमरेला खोचलेला. नाना खाली उतरले, तोंडभर हसले. त्यांना खरंच वाटलं असावं की ती चहाचं सांगायला आली. ती त्यांच्याकडे न बघता पहिल्या ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाकडे बघत होती. चाकाखाली खरबुजाचे वेल चेंदून गेले होते.

तिचा नवरा दोन वर्षांपासून अर्धांगाने अंथरुणावर होता. बाभळीपलीकडचा तो तुकडा ह्या वर्षी तिने स्वतः घेतला होता, डोक्यावरून घागरी वाहून वेल जगवले होते. हे सगळ्या पलीकडच्या गावाला ठाऊक होतं. नानांना नव्हतं. वर्षभरात ते तिच्या घरी गेलेच नव्हते, गावाच्या कामातून सवड मिळाली नव्हती.

"दादा, हा वाफा माझा हाय," ती म्हणाली.

नाना क्षणभर गडबडले. पण सरपंच ते सरपंच. म्हणाले, "आसू दे. तुला ह्याच्या दुप्पट रान काढून देतो."

"माझंच मला देतो व्हय?"

एवढंच बोलून ती फिरली. जाता जाता बायकांना म्हणाली की आजपासून मला माहेर नाही. ते तिने ओरडून सांगितलं नाही, पण मला भिंतीवर ऐकू आलं.

पुढचं सगळ्या तालुक्याला पाठ आहे. दुपारी आमचे ड्रायव्हर उपाशी बसलेले बघून पलीकडच्या लोकांनीच त्यांना पिठलं-भाकरी वाढली. ड्रायव्हर जेवले आणि पायी चौसाळ्याला निघून गेले. म्हणाले, आमाला भांडणाचं सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर उन्हाने माती वाळली की निघाले असते. पण पलीकडचे लोक हुशार. त्यांनी उरलेल्या पाण्यावर पंपाचं इंजिन बसवलं आणि रोज सकाळी ट्रॅक्टरांच्या आजूबाजूला पाणी सोडायला लागले. माती वाळूच देईनात. वर त्याच ओलीवर त्यांनी काकडी लावली.

नाना रोज भिंतीवर येऊन म्हणायचे, "उद्या निघतील." चौथ्या दिवशी त्यांनी आणखी तीन ट्रॅक्टर पाठवले. त्यातले दोन रुतले. म्हणजे आठ झाले. जाऊन दोन शब्द बोला, ते पाणी बंद करतील, असं मी एकदा धीर करून सुचवलं. नाना म्हणाले, "माघार घेतली तर लोक काय म्हणतील?" लोक तर केव्हाच म्हणत होते. त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं एवढंच, कारण ओसरीवरची माणसं अजूनही 'नाना, चाललंय ते बरोबर चाललंय' एवढंच सांगत होती. चैत्रात तहसीलदारांनी दोन्ही गावांना बसवलं, बाभूळ ती बाभूळ असं ठरलं आणि ट्रॅक्टर निघाले, तेव्हा एकाच्या स्टिअरिंगवर काकडीचा वेल चढला होता.

पुढच्या निवडणुकीत नाना पडले, सडकून पडले. त्याचं त्यांना फारसं काही वाटलेलं मला दिसलं नाही. दिसलं ते दिवाळीत. भाऊबीजेला काही कामाने मी त्यांच्या घरावरून गेले. नाना अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले होते. दुपारी मी परत आले तरी ते तसेच. कुणाची वाट बघताय असं विचारायची माझी छाती झाली नाही. पुढच्या वर्षीही तसंच. बहीण आली नाही, आणि हे गेले नाहीत. जाऊन काय म्हणायचं, हेच त्यांना येत नसावं. आयुष्यभर त्या तोंडातून हुकूम निघाला होता.

मग ते रशिया-युक्रेनचं युद्ध सुरू झालं.

आमच्या ग्रामपंचायतीत एक टीव्ही होता. सरपंचपद गेलं तरी नाना सकाळी येऊन बाकावर बसायचे, कुणी नाही म्हणत नव्हतं. पहिल्या दिवशी जो तो सांगत होता की रशियाचं केवढं मोठं सैन्य, तीन दिवसांत राजधानी घेतील. उपसरपंचांनी तर दोनच दिवस दिले होते. नाना टीव्हीकडे एकटक बघत राहिले, चहा निवून गेला.

आठवड्याने टीव्हीवर ती प्रसिद्ध चित्रं आली, रस्त्यावर मैलोन् मैल थांबलेल्या फौजी गाड्यांची. नाना उठले. टीव्हीजवळ गेले आणि काठीचं टोक काचेला टेकवून म्हणाले, "ह्यांच्यात डिझेल न्हाई."

कुणीतरी म्हणालं, नाना, एवढी मोठी फौज, डिझेल नसेल का?

"न्हाई. आन् ह्या पोरांनी भाकरी बी आणलेली न्हाई. भाकरी बांधून आणलेला माणूस आसा बसत न्हाई." मग ते चित्रातल्या शेताकडे वळले. "रस्ता सोडून खाली कावून उतरंनात? तर वरून वाळलंय, आतून वाळलेलं न्हाई. उतरला का गेला."

कचेरीत कुणी कुणाकडे बघेना. उपसरपंच आपल्या चपलेकडे बघत बसले. मी उगाच एक जुनी फाईल उघडली.

त्या दिवसापासून नानांचा वर्गच सुरू झाला. लोक मुद्दाम यायचे. रशियाच्या नेत्याचं नाव नानांनी कधी घेतलं नाही. ते त्याला 'तिकडचा सरपंच' म्हणायचे. टीव्हीवर नकाशे लावून सुटाबुटातले तज्ज्ञ बोलायचे आणि नाना त्यांच्या दोन दिवस पुढे असायचे. पकडलेली रशियन पोरं म्हणाली की आम्हाला सरावाला न्यायचं सांगितलं होतं, तेव्हा नानांनी ते आधीच सांगून ठेवलेलं होतं. युक्रेनमधले लोक आपसातली भांडणं टाकून एक झाले, हेही.

"तिकडच्या सरपंचाचं काय चुकलं, नाना?" कुणीतरी रोज हा प्रश्न टाकायचंच. आणि नाना ज्या ठामपणाने पूर्वी ठराव वाचायचे त्याच ठामपणाने चुका वाचायचे. त्यानं आधी दोन-चार ठिकाणी सहज काम केलं होतं, म्हणून त्याला वाटलं इथंबी तसंच. त्यानं जुना नकाशा काढला, जिती माणसं बघितली न्हाईत. ते येगळं गाव न्हाईच आसं म्हणला, तिथंच गेला. जे होय म्हणतेत तेवढेच त्यानं जवळ ठेवले. "एक चूक कळली तवा आणखी टँकर पाठवले. थांबायचं सोडून आणखी पाठवले," असं म्हणून नाना स्वतःच इतके चिडायचे की बाक हलायचा. ते रणगाड्यालाही टँकरच म्हणायचे. कुणी त्यांना सुधारलं नाही.

सगळ्यांना कळत होतं ते कुणाबद्दल बोलत आहेत. त्यांनाही कळत होतं की आम्हाला कळतंय. पण एकानेही कधी थट्टा केली नाही. आमचं गाव थट्टेत कुणाला सोडत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

एकदा एका पोराने विचारलं की मग आता त्या सरपंचाने काय करावं. नाना पहिल्यांदाच अडखळले. बराच वेळ काठी फिरवत राहिले. "ते आवघड हाय," म्हणाले. "त्यानं सगळ्यांना सांगितलंय ना, दुपारच्या भाकरीला घरी." आणि उठून गेले.

त्यानंतर एके दिवशी कचेरीत आम्ही दोघंच होतो. माझ्या मनातली जुनी गाठ मी सोडली. म्हटलं, "नाना, मला ठाऊक होतं. गाळ आतून ओला आहे हे मेंढपाळाने मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

मला वाटलं, आता भडकणार.

"मला बी सांगितलं होतं त्यानं," नाना म्हणाले. "आदल्या दिवशी घरी आलता. मी म्हणलो, तू तुझी मेंढरं बघ." मग म्हणाले, "तुमचा दोष न्हाई, मॅडम. तुमी सांगितलं आसतं तर तुमालाबी तसंच म्हणलो आसतो."

मी इतकी वर्षं ते ओझं वाहिलं होतं. त्या माणसाने एका वाक्यात उतरवून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. मी खिडकी लावायला उठले.

पुढे मला पलीकडच्या गावाचाही कारभार मिळाला. एका माणसाला दोन ग्रामपंचायती, ही आमच्या खात्याची नेहमीचीच रीत. तिथे नानांची बहीण एका दाखल्याला आली. नवरा तोवर वारला होता. मी तिला बसवलं आणि भीड सोडून सांगून टाकलं, तुमचे भाऊ रोज टीव्हीसमोर बसून काय काय बोलतात ते सगळं. वाटलं, तिला बरं वाटेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आमच्याकडं बी येतंय कानावर. लई चुका मोजतो म्हणं तिकडच्या सरपंचाच्या." मग दाखला पिशवीत ठेवला. "चुका मोजायला माणूस घरी बसला तर मला काय त्याचं, मॅडम? चार दिवाळ्या झाल्या. आला का तो?"

मी दुसऱ्या दिवशी नानांना ते जसंच्या तसं सांगितलं. ह्या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवूनच गेले होते. ती काय म्हणाली, कशी म्हणाली, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. नानांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी टीव्ही लावू दिला नाही.

नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं. सकाळी शेतातून आले, ओसरीवर टेकले आणि गेले. मीही निवृत्त झाले. ते युद्ध काही थांबलं नाही. गावाकडे गेले की कचेरीत डोकावते. टीव्ही आहे, बाक आहे, तज्ज्ञ अजून नकाशे दाखवतात आणि कुणी फारसं बघत नाही. उपसरपंच म्हणतात, नाना नाहीत तर त्यात काय कळतंय. मला नानांची आठवण येते, अगदी सरळ सांगायचं तर रोज येते. पण कचेरीतले नाना आठवत नाहीत. वैशाखातली एक सकाळ आठवते. ते जायच्या आदल्या वर्षीची.

मी तलावाच्या भिंतीवर होते, खात्याच्या माणसाला गाळाची जागा दाखवायला गेले होते. पाणी पार ओसरलेलं. आमच्याकडेही एव्हाना थोडा गाळ साठला होता, दोन्हीकडचे लोक आपापल्या वाफ्यांत कामाला लागले होते. आमच्या बाजूने एक उंच माणूस मुरुमावरून चालत येताना दिसला. एकटाच होता. बरोबर ना उपसरपंच, ना कुणी. हातात काठीही नव्हती.

नाना बाभळीपर्यंत आले आणि थांबले. बहीण पलीकडे वीस पावलांवर खरबुजाला घागरीने पाणी घालत होती. तिने मान वर केली, त्यांना पाहिलं आणि पुन्हा पाणी घालायला लागली. आजूबाजूच्या लोकांची कामं थांबली. नाना भर उन्हात उभे. बाभळीला सावली कुठली. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. मी मनात म्हणत होते, नाना, बोला. काहीही बोला, पण परत फिरू नका.

"बाई," नानांनी हाक मारली. ज्या आवाजाला कधी माईक लागला नाही, तो मला जेमतेम ऐकू आला. "येऊ का?"

घागर संपली, ती खाली पाण्याकडे गेली, भरून घेऊन आली. उरलेल्या ओळीला शेवटच्या वेलापर्यंत पाणी घातलं. नाना जागचे हलले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे, खात्याचा माणूस मला विचारत होता, मॅडम, काय चाललंय, आणि मी त्याला हाताने गप्प केलं.

मग तिने घागर खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं.

"ये," ती म्हणाली. "पण वाफ्यातून नको. बांधावरून ये."

नानांनी चपला काढून हातात घेतल्या आणि लांबच्या बांधावरून, एकेक पाऊल जपून टाकत, ते तिच्याकडे गेले.